अंगुस्तियास मोचोनचा प्रोग्रॅम

एदुर्नेने पहिल्याच दिवशी 'तुम्ही' म्हटलं, आणि अंगुस्तियास मोचोनचं तिच्याशी तिथेच बिनसलं.

"तुम्हीच ना अंगुस्तियास? प्रोग्रॅमबद्दल काहीही अडलं तर तुम्हाला विचार, असं सांगितलंय दॉन लेआंद्रोंनी," दारातून आत येता येता ती पोरगी म्हणाली. सत्तावीस वर्षांची, उत्तर स्पेनमधल्या पावसाळी बिल्बाओहून संशोधनाला आलेली, केस मुलासारखे कापलेले, अंगात पिवळा रेनकोट. बाहेर ग्रानादात ऑक्टोबरचं लखलखीत ऊन पडलं होतं.

"इथे एवढ्यात पाऊस येत नाही," अंगुस्तियास म्हणाली. "आणि मला सगळे 'तू'च म्हणतात. शिपायापासून."

"होईल सवय," एदुर्ने हसून म्हणाली. ती काही झाली नाही. पुढचे आठ महिने ती 'तुम्ही'च म्हणत राहिली, आणि दर वेळी अंगुस्तियासला त्यात आपलं वय ऐकू यायचं. एक्केचाळीस.

अंगुस्तियासचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. ती भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. तिने शिक्षण सोडलं आणि विद्यापीठाच्याच संगणक विभागात नोकरी धरली. काम कार्डांना भोकं पाडायचं. प्राध्यापक कागदावर प्रोग्रॅम लिहून द्यायचे, ती यंत्रावर बसून एकेका ओळीचं एकेक कार्ड करायची. दुसऱ्यांच्या चुका कार्डांवर उतरवता उतरवता ती स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकली. दोनेक वर्षांत तिची हिंमत इतकी वाढली, की कार्ड हातात घ्यायच्या आधीच म्हणायची, "हे चालायचं नाही. तुम्ही इथे शून्याने भागताय." काहींना राग यायचा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक दॉन लेआंद्रो यांना आला नाही. त्यांनी तिला आपल्या विभागात मागून घेतलं.

दॉन लेआंद्रो पंचाहत्तर साली इंग्लंडहून परतले होते ते एक समीकरण घेऊन. त्यांनी ते अंगुस्तियासला उभ्या उभ्या समजावलं. एक बारीक तार घ्यायची. तिच्या बुडाशी विजेचा एक झटका द्यायचा, सेकंदाच्या अब्जाव्या भागापुरता. तो झटका तारेवरून धावत टोकाला जातो, टोकावरून मागे फिरतो, बुडाशी येऊन पुन्हा वर जातो. प्रत्येक फेरीत थोडा हवेत निघून जातो आणि शेवटी काही उरत नाही. तारेत कुठल्या क्षणी, कुठल्या जागी, किती प्रवाह असेल, हे तार उभी करायच्या आधी कागदावर सांगता आलं पाहिजे.

"एवढंच?" अंगुस्तियासने विचारलं होतं.

"एवढंच," दॉन लेआंद्रो म्हणाले होते. "दहा वर्षांचं काम आहे."

तिने तारेचे तुकडे पाडले आणि वेळेचीही बारीक पावलं पाडली. प्रत्येक तुकड्याला बाकीच्या सगळ्या तुकड्यांतल्या प्रवाहाची बातमी पोचते, पण ती प्रकाशाच्या वेगाने, म्हणून जवळच्याची ताजी आणि लांबच्याची शिळी. तेव्हा प्रोग्रॅमला मागचं सगळं लक्षात ठेवावं लागे. त्या काळच्या यंत्राची स्मरणशक्ती तुटपुंजी. अंगुस्तियासने मग एक युक्ती केली. मागची फक्त शंभर पावलं साठवायची, आणि एकशेएकावं आलं की ते सगळ्यात जुन्यावर लिहायचं. दॉन लेआंद्रोंच्या आखूड तारांना शंभर पावलं पुरून उरत. ही गोष्ट तिने कुठे लिहून ठेवली नाही. कोणासाठी लिहायची? प्रोग्रॅम तिचा, डोकंही तिचंच. त्याचं नाव त्यांनी ईलो ठेवलं, म्हणजे धागा.

ईलोला एक दुखणं होतं. थोडा वेळ सगळं सुरळीत चाले. प्रवाह धावे, परते, मंदावे. आणि मग, जिथे तो विझायला हवा नेमका तिथेच, त्याला दात फुटत. एक पाऊल वर, पुढचं खाली, पुन्हा वर, दर वेळी आधीपेक्षा मोठा. विझणारी तार कागदावर वेडी होऊन आकाश फाडायला निघे.

दॉन लेआंद्रोंकडे यावर एकच इलाज होता. ते आलेखावर बोट ठेवून म्हणत, "इथे काप." अंगुस्तियास कात्री घेऊन कागद कापी, आणि दात केराच्या टोपलीत जात.

एकोणऐंशी साली एकदा ती म्हणाली होती, "दॉन लेआंद्रो, हे दात एकाआड एक आहेत. प्रत्येक पावलाला शेजारच्या दोन पावलांशी धरून सरासरी काढली तर ते एकमेकांना खाऊन टाकतील. खरा प्रवाह इतका भरभर वरखाली होतच नाही, त्याला धक्का लागणार नाही."

खोलीत माद्रिदहून आलेले दोन पाहुणे बसले होते. दॉन लेआंद्रो हसले. "अगं, फिजिक्सला इस्त्री करायची नसते."

पाहुणेही हसले. अंगुस्तियासने तो विषय पुन्हा काढला नाही.

आणि आता ही पिवळ्या रेनकोटवाली.

एदुर्ने टेबलाच्या कोपऱ्यावर बसून बोलायची. दॉन लेआंद्रोंच्या दारावर टकटक न करता आत जायची आणि तासभर बाहेर यायची नाही. पूर्वी त्या दारातून दिवसातून चारपाच वेळा हाक यायची, "अंगुस्तियास, जरा ये गं." आता एखादी आली तर आली. तीही, "अंगुस्तियास, एदुर्नेला कागद काढून दे." ती मोजत नव्हती असं नाही.

फेर्मीनचंही तेच. फेर्मीन विभागाच्या वर्कशॉपात होता. पन्नाशीचा, विधुर, हाताने इतका साफ की त्याने ओढलेली तार पट्टी लावून बघावी. गेली नऊ वर्षं तो अकरा वाजता अंगुस्तियाससाठी कँटीनमधून दुधाची कॉफी आणत असे. आता तो दोन कॉफ्या आणू लागला. डिसेंबरात त्याने एदुर्नेला पितळेचा पेन्सिल ठेवायचा इवलासा स्टँड करून दिला, खाली चार पाय, चारही एकसारखे.

"मला नऊ वर्षांत काय करून दिलंस रे?" अंगुस्तियासने विचारलं.

"कोट अडकवायचा हूक," फेर्मीन निरागसपणे म्हणाला. "अजून पक्का आहे की नाही?"

जानेवारीत एदुर्नेने ते केलं. तीन ओळी. प्रत्येक पावलाच्या प्रवाहाचा अर्धा भाग, अधिक आधीच्या पावलाचा पाव, अधिक नंतरच्याचा पाव. आलेख छापून आला तो टोकापर्यंत गुळगुळीत. प्रवाह विझला तो विझलाच. दात नावाला नाहीत.

दॉन लेआंद्रोंनी सांता फेचे पिओनोनो मागवले. सायीची ती छोटी गोड बोटं खात सगळे त्या कागदाभोवती उभे राहिले.

"इतकं साधं!" दॉन लेआंद्रो म्हणाले. "आणि आपल्या कोणाला सुचलं नाही!"

अंगुस्तियासच्या तोंडात घास होता. 'मला सुचलं होतं' हे चार शब्दसुद्धा नाहीत, पण ते तेव्हा म्हटले असते तर दुसऱ्याचं बारसं मोडायला आल्यासारखे वाटले असते. ती म्हणाली, "छान आहे."

"तुम्हाला आवडलं?" एदुर्नेचा चेहरा उजळला. "तुमचं मत महत्त्वाचं आहे. ईलो तुमचा आहे."

यावर अंगुस्तियासला ती जास्तच आवडेनाशी झाली.

रविवारी तिची धाकटी बहीण त्रिनी सकाळी तळलेले चुरो घेऊन आली. त्रिनीचं बटणं-फितींचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. अंगुस्तियासने अर्धा तास तीन ओळींची कहाणी सांगितली. त्रिनीने चुरो चॉकलेटमध्ये बुडवला.

"मी तुझ्याआधी लग्न केलं तेव्हासुद्धा तुझा असा चेहरा झाला नव्हता."

"ते वेगळं. तुझा नवरा मला नको होता."

"आणि ही इस्त्री हवी होती?"

"माझी होती ती, त्रिनी."

"मग तेव्हा ओरडायचं होतंस. आता पाच वर्षांनी कोण ऐकतंय?"

मे महिन्याच्या तीन तारखेला, क्रूसाच्या सणाला, गावात सगळीकडे क्रूस सजले. विभागाच्या मागच्या अंगणातही कर्मचाऱ्यांनी लाल कार्नेशनचा एक उभा केला. त्याच्या पायाशी तांब्याची भांडी, एक जुनी शाल आणि मधोमध, उभी कात्री खुपसलेलं सफरचंद.

"बिचाऱ्या सफरचंदाने काय केलंय?" एदुर्नेने विचारलं. उत्तरेकडे हे नसतं.

"त्याला आम्ही 'पेरो' म्हणतो," फेर्मीन म्हणाला. "आणि 'पण'लाही पेरोच म्हणतात की नाही? काही माणसं येतात, बघतात, म्हणतात, सुंदर आहे क्रूस, पण... फुलं जरा कमी पडली. पण... शाल विटली. असल्या लोकांचा 'पण' आधीच कापून ठेवायचा. पोट दुखणारे गप्प बसतात."

सगळे हसले. एदुर्ने सगळ्यात मोठ्याने हसली आणि म्हणाली, "आमच्याकडे अशी पोतंभर सफरचंदं लागतील!" अंगुस्तियास वाइनचा ग्लास हातात धरून कार्नेशनकडे बघत उभी राहिली. फुलं खरंच जरा कमी होती.

सप्टेंबरात माद्रिदला परिषद होती आणि निबंध जूनअखेर पाठवायचा होता. नुसत्या हिशेबावर दॉन लेआंद्रोंचं समाधान नव्हतं, खऱ्या तारेवरचं मोजमापही शेजारी हवं होतं. फेर्मीनने गच्चीवर अॅल्युमिनियमचे पत्रे जोडून खोलीएवढा सपाट मंच केला. मधल्या भोकातून पितळेची बारीक तार उभी केली. खालून झटका द्यायचा आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर उमटलेली रेघ कॅमेऱ्याने टिपायची. एदुर्नेला या वेळी तार लांब हवी होती. आखूड तारेत सगळं फार लवकर संपतं, लांब तारेत प्रवाहाचं जाणं-येणं सुटं सुटं दिसतं.

चौदा मेला पहिला फोटो आला. एदुर्नेने तो ईलोच्या आलेखाशेजारी ठेवला आणि तिचं हसू मावळलं. सुरुवात जुळत होती. टोकावरून परत येणारी लाटही जागेवर होती. पण ईलोच्या आलेखावर त्या दोहोंच्या मध्ये एक उंचवटा होता. फोटोत तिथे सरळ रेघ होती.

"हे काय आहे?" ती स्वतःशीच म्हणाली. "इथे काही यायचं कारणच नाही. टोकाकडून निघालेलं इतक्या लवकर परत पोचूच शकत नाही."

अंगुस्तियास तिच्या खांद्यामागे उभी होती. तिने पाहिलं आणि तिला कळलं. कळायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागला नाही. लांब तारेच्या टोकाची बातमी बुडाशी पोचायला एकशेवीस पावलं लागत होती, आणि ईलोला आठवत होती शंभर. एकशेविसावं मागचं पाऊल विचारलं की ईलो विसावं देत होता, कारण जुन्यावर नवं लिहिलं गेलं होतं. बातमी प्रकाशाच्याही आधी येत होती. शंभराचे तीनशे केले की झालं. एक आकडा.

"काय वाटतं तुम्हाला?" एदुर्नेने मागे वळून विचारलं.

"काय माहीत," अंगुस्तियास म्हणाली. "ती सरासरी नवीन आहे ना. तिचंच काही असेल."

हे बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पण बोलून झालं, आणि एदुर्नेच्या कपाळावर आठी उमटली, आणि अंगुस्तियासला छातीत काहीतरी गार, गोड उतरल्यासारखं वाटलं. त्या दुपारी ती चालत घरी गेली. झायदीनपर्यंत, अर्धा तास. वाटेत बारमध्ये थांबून एक बिअर प्यायली, आणि बिअरबरोबर आलेल्या सुक्या मांसातल्या परतलेल्या कोवळ्या शेंगा सगळ्या संपवल्या. कित्येक महिन्यांत असं खाल्लं नव्हतं.

दिवस जाऊ लागले. एदुर्नेने सरासरी उलटीपालटी केली, तिचे वाटे बदलले, काढून टाकली, परत घातली. उंचवटा हलेना. सरासरी काढून टाकली की तो दातांत बुडे, घातली की पुन्हा वर येई. मग तिने मोजमापावर संशय घेतला. फेर्मीनने पत्र्यांचे सांधे उखडून पुन्हा जोडले. मग तिसऱ्यांदा. मेअखेरचं ऊन, अॅल्युमिनियमवर डोळे दिपायचे, हात ठेवला तर चटका बसे. त्याने डोक्याला ओला रुमाल बांधला होता.

"माझ्याच हाताचं काही चुकतंय," एक दिवस जिना उतरताना तो अंगुस्तियासला म्हणाला. "वय झालं बहुतेक. सांधा दिसतो चांगला, पण आत कुठे सुटलेला असेल."

"तुझा सांधा कधी सुटलाय?" ती म्हणाली.

"मग तार का खोटं बोलते?"

एवढं मात्र तिला लागलं. त्या दिवसापासून ती गच्चीकडचा जिना टाळू लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दॉन लेआंद्रोंच्या खोलीतून चढे आवाज आले. दार उघडं होतं.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," दॉन लेआंद्रो म्हणत होते. जानेवारीत ते सांगत नव्हते, पिओनोनो खात होते. "प्रवाह चोळूनमोळून सपाट केला की असंच होणार. फिजिक्सला इस्त्री करायची नसते, मुली."

एदुर्ने बाहेर आली. तिचे कान लाल झाले होते. ती अंगुस्तियासच्या टेबलाजवळून गेली, थांबली नाही.

पाच मिनिटांनी हाक आली. "अंगुस्तियास, जरा ये गं."

ती गेली. दॉन लेआंद्रोंनी तिला खुर्ची दिली, जी ते सहसा द्यायचे नाहीत. "हे बघ. ती सरासरी काढून टाक. जुना ईलो लाव. परिषदेत तू केलेलेच आलेख दाखवू, आखूड तारेचे, नेहमीसारखे कापून. पोरीला गणित येतं, नाही असं नाही. पण इथे जो धीर लागतो तो तुझ्याकडे आहे. तो शिकवून येत नाही."

नऊ वर्षं तिने हे ऐकायची वाट बघितली होती. हेच, याच खोलीत, याच आवाजात. ते आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हा माणूस दोघींना इस्त्रीचं तेच वाक्य तितक्याच सहज ऐकवून मोकळा झाला होता, आणि पहिल्यांदा ते कोणाला ऐकवलं ते त्याला आठवतही नव्हतं.

ती टर्मिनलसमोर येऊन बसली. ईलो उघडला. सरासरीच्या तीन ओळी पडद्यावर आणल्या. पुसायच्या होत्या. बोट कळीवर ठेवलं.

त्या बरोबर होत्या. हे तिच्याइतकं त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात तिला स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट सुचली होती, आणि ती समोर होती, दुसरीच्या हाताने लिहिलेली. आता ती आपल्याच हाताने पुसायची आणि पुन्हा कात्री धरायची. एदुर्नेवर दया आली म्हणून तिचं बोट थांबलं, असं नव्हतं. त्या क्षणीही एदुर्नेबद्दल तिला काही चांगलं वाटत नव्हतं. तिला त्या तीन ओळींचं वाईट वाटलं.

ती प्रोग्रॅममध्ये वर गेली, सत्त्याहत्तर साली लिहिलेल्या तुकड्यापाशी. शंभराचे तीनशे केले. ईलो चालवला.

आलेख निघाला. तिने फेर्मीनचा फोटो शेजारी ठेवला. लाट जिथे जायला हवी तिथे गेली होती आणि यायला हवी तेव्हाच परत आली होती, मध्ये काही नाही. एकावर दुसरं ठेवून गिरवलं असावं असं. ती बराच वेळ बघत बसली. मग दोन्ही कागद एदुर्नेच्या टेबलावर ठेवले, वर पितळी स्टँडचं वजन ठेवलं, आणि घरी गेली.

सकाळी ती आली तेव्हा एदुर्ने तिच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर प्रोग्रॅमची पूर्ण यादी, घड्या उलगडलेली.

"तीनशे," एदुर्ने म्हणाली. "शंभराचे तीनशे. काल संध्याकाळी, पाच वाजून दहा मिनिटांनी. यादीवर छापलंय."

"हो."

"बदललं काल. कळलं कधी?"

खोटं सांगता आलं असतं. अंगुस्तियासने कोट काढून हुकावर अडकवला. "पहिला फोटो आला त्या दिवशी."

एदुर्नेने बोटांवर मोजलं. खरंच मोजलं. "तेवीस दिवस. तेवीस दिवस तू माझ्या शेजारी बसून कॉफी पीत होतीस. मी तुला रोज विचारत होते. रोज!" तिच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' आलं होतं आणि तिच्या ते ध्यानातही नव्हतं. "मी घरी फोन करून सांगितलं, मला हे जमत नाही, मी परत येते. माझ्या आईने माझी खोली रंगवायला काढलीय!"

"सरासरी माझी होती," अंगुस्तियास म्हणाली. "एकोणऐंशी साली मी त्यांना सांगितली. दोन पाहुण्यांसमोर हसले मला. तू केलीस तेव्हा मिठाई आली."

एदुर्नेने मांडीवरची यादी टेबलावर ठेवली.

"मग हे मला जानेवारीत का सांगितलं नाहीस? तुझं नाव माझ्याआधी लिहिलं असतं मी."

"आता म्हणायला काय जातं."

"हो," एदुर्ने उठत म्हणाली. "आता काहीच जात नाही."

ती सरळ दॉन लेआंद्रोंकडे गेली, दार उघडं टाकून. तिने चुगली केली नाही. तिने फक्त विचारलं, एकोणऐंशी साली अंगुस्तियासने सरासरी सुचवली होती का. दॉन लेआंद्रोंनी चष्मा काढला, पुसला. "असेल बुवा. ती काही ना काही म्हणतच असते." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. अंगुस्तियासने बाहेर बसून ते ऐकलं, आणि इतक्या वर्षांचा सगळा जळफळाट ज्या माणसाच्या एका कटाक्षासाठी होता, तो माणूस तिला एकदम साधा, टक्कल पडलेला, पन्नाशीतला प्राध्यापक दिसला.

फेर्मीनला तिने स्वतः सांगितलं. गच्चीवर जाऊन, उन्हात. तो पत्र्यावर गुडघे टेकून चौथ्यांदा सांधा उघडत होता.

"म्हणजे माझा सांधा बरोबर होता?"

"पहिल्यापासून."

त्याने हातातलं अवजार खाली ठेवलं. रुमाल सोडून तोंड पुसलं. "तिच्याशी तुझं भांडण असेल. असू दे. मला का गं उन्हात उभं केलंस? मी काय केलं होतं?"

'पेन्सिलीचा स्टँड' हे उत्तर तिच्या जिभेवर आलं आणि ते किती खुळं आहे ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती खाली आली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कॉफी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. कॉर्पुसची जत्रा आली, गेली, सुट्टी लागली, संपली, तरी नाही.

निबंध जूनअखेर गेला. वर दोन नावं, दॉन लेआंद्रोंचं आणि एदुर्नेचं. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ: मोजमापांबद्दल फेर्मीन आरेनास यांचे, आणि प्रोग्रॅममधली एक जुनी चूक दुरुस्त केल्याबद्दल अ. मोचोन यांचे आभार. ओळ एदुर्नेने लिहिली होती. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अंगुस्तियासचं नाव छापून यायची ती पहिली वेळ. त्रिनीने तो अंक दुकानात लावायला मागितला. अंगुस्तियासने दिला नाही.

नोव्हेंबरात, डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं त्या दिवशी, फेर्मीन दारात येऊन उभा राहिला. "साखर एक की दोन? विसरलो मी." तो विसरला नव्हता. "दोन," ती म्हणाली, आणि उठून त्याच्याबरोबर कँटीनला गेली. लोकांनी पुढे त्यावर बरंच काही रचलं. तसं काही झालं नाही. दोघं निवृत्त होईपर्यंत अकराची कॉफी पीत राहिले, एवढंच.

एदुर्ने शहाऐंशी साली हॉलंडला गेली. निरोपाला अंगुस्तियासने तिच्या गालाला गाल लावला, दोन्ही बाजूंनी, रीतीप्रमाणे. त्याच शरदात अंगुस्तियासने पुन्हा तिसऱ्या वर्षाला नाव घातलं. वर्गात सगळी पोरं विशीतली. परीक्षेत तिच्याहून जास्त गुण पडलेल्यांची नावं ती फलकावर शोधायची आणि ती पाठ असायची. नव्वद साली ती पदवीधर झाली, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तोंडी परीक्षेला एका तरुण परीक्षकाने तिला सहज विचारलं, की लांब तारेसाठी मागची किती पावलं साठवावी लागतील. तिने इतक्या तपशिलात उत्तर दिलं, की त्याला तिला थांबवावं लागलं.

ब्याण्णव साली हॉलंडहून पत्र आलं. एदुर्ने ईलो नव्याने लिहून काढत होती, सगळीकडच्या प्रयोगशाळांना देण्यासाठी. तिने विचारलं होतं, जुन्यात असं आणखी काही आहे का, जे फक्त तुझ्या डोक्यात आहे? अंगुस्तियासने ते पत्र आठवडाभर खणात ठेवलं. मग बसली आणि लिहिलं. प्रत्येक आडवाट, प्रत्येक काटकसर, कुठे काय गृहीत धरलंय आणि ते कधी मोडेल. अकरा पानं झाली. खाली पूर्ण नाव घातलं, मारिया दे लास अंगुस्तियास मोचोन रुईस.

वर्षभराने जाड माहितीपुस्तिका टपालाने आली. शेवटी जोडलेल्या भागात तिची अकरा पानं होती, भाषांतर केलेली, तिच्या नावानिशी. ती तिने दोनदा वाचली. मग पुस्तिका उलटी करून पहिल्या पानापासून एदुर्नेचा भाग किती आहे ते पाहिलं. एकशे नव्वद पानं. काम सुरेख होतं, आणि त्या संध्याकाळी अंगुस्तियास न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा पुस्तिका काढली, पेन्सिल घेऊन सगळी समीकरणं तपासली, त्रेसष्टाव्या पानावर एक चिन्ह उलटं पडलेलं तिला सापडलं. तिने एदुर्नेला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि दुपारच्या टपालाने पाठवून दिलं.